वाहत्या पाण्यातला बॉल

"चष्म्याला साबण लावला की काचेवर वाफ धरत नाही," चष्मेवाले म्हणाले. "आज पाऊस पडो, गारा पडोत, नाहीतर आभाळ खाली येऊन बसो. मला झेंडा दिसणार म्हणजे दिसणार."

हे ते गोल्फ क्लबच्या व्हरांड्यात उभं राहून सांगत होते, आणि समोर होलवरचा झेंडा तर सोडाच, मैदानसुद्धा दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त पाऊस. वर कुणीतरी पिंप पालथं घातलं असावं आणि मग ते सरळ करायचं विसरून झोपी गेलं असावं, असा.

त्या साली पावसाने गोल्फवाल्यांचा जो छळ मांडला, तो सांगून कुणाला खरा वाटायचा नाही. हंगाम सुरू व्हायला आणि तो यायला एकच गाठ पडली. आला तो परतीचं तिकीट हरवलेल्या पाहुण्यासारखा मुक्कामच ठोकून बसला. गोल्फची माणसं रोज सकाळी टोप्या घालून यायची, व्हरांड्यात ओळीने बसायची, चहा प्यायची, आभाळाला नावं ठेवायची आणि घरी जायची. एकाने वैतागून दिवाणखान्यात सराव केला आणि सासूबाईंचा आरसा फोडला. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे नाचता सगळ्यांनाच येत होतं, निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. पण अंगणच वाहून चाललं होतं.

मैदानाची देखभाल एक बाई करायची. उंच, सडसडीत, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. रोज सकाळी ती लोखंडी सळई घेऊन यायची, हिरवळीत खुपसायची, बाहेर काढून टोकाकडे बघायची आणि फाटकावर 'मैदान बंद' अशी पाटी अडकवायची. शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर आलेल्या डॉक्टरकडे नातेवाईक बघतात, तसे सगळे तिच्याकडे बघायचे. ती मान हलवायची. सगळे परत चहा मागवायचे.

आज हंगामाचा शेवटचा दिवस होता, आणि चष्मेवाल्यांना आज खेळायचंच होतं.

त्याला कारण होतं. दर हंगामात चष्मेवाले आणि त्यांचा मेहुणा यांची एक मॅच व्हायची. हरेल त्याने पुढचं वर्षभर जिंकणाऱ्याची स्टिकांची पिशवी खांद्यावर वाहायची, असा करार होता. हा करार लावून दिला होता चष्मेवाल्यांच्या बायकोने. नवरा आणि धाकटा भाऊ जेवणाच्या टेबलावर एकमेकांना टोमणे मारायचे, त्याला कंटाळून. "भांडायचं तर उन्हात जाऊन भांडा," ती म्हणाली होती.

ती स्वतः कधी स्टिक हातात घ्यायची नाही. पण मैदानावर मात्र नेमाने यायची. तिचं काम एकच. बॉल कुठे पडला ते बघायचं. कारण आपल्या गावभर लोकांना चष्मे देणारे चष्मेवाले फटका तर जोरात मारायचे, पण पुढे बॉल कुठे गेला ते त्यांना कधीच दिसायचं नाही. ते आभाळाकडे बघत विचारायचे, "कुठे गेला?" ती सांगायची, "त्या वाकड्या झाडाच्या अलीकडे. आणि चष्मा पुसा." बॉल तिथेच असायचा. एकदाही चुकली नाही.

तरी तळ्यात गेलेला बॉल तिलाही काढता यायचा नाही. आणि चष्मेवाल्यांचे अर्धे फटके तळ्याच्याच प्रेमात पडलेले. मग एकदा तिने पाण्यावर तरंगणाऱ्या बॉलचा एक डबा आणून दिला. तसले बॉल मिळतात. प्रत्येकावर तिने न पुसणाऱ्या शाईने एक डोळा काढला होता. चांगला पापण्या वगैरे असलेला डोळा. "तुम्हाला तो दिसत नाही," ती म्हणाली, "निदान तुम्ही तरी त्याला दिसा."

गेल्या हंगामानंतर ती गेली. थोडंसं आजारपण आणि मग एकदम. त्या डब्यातले बॉल एकेक करून केव्हाच हरवले होते. एक राहिला होता. तो राहिलाय हे चष्मेवाल्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तो त्यांच्या खिशात असायचा. दुकानात, घरी, बाजारात, कुठेही.

तिच्याबद्दल ते बोलायचे नाहीत. तिचा विषय निघाला की खाकरायचे आणि म्हणायचे, "आज काही उघडीप दिसत नाही." मग मेहुणाही म्हणायचा, "नाही बुवा." लेकीचा फोन आला आणि तिने विचारलं, "बाबा, तुम्ही कसे आहात?" तर हे सांगायचे, "पाऊस आहे." असा तो हंगाम गेला. पाऊस एवढा पडत होता म्हणून बरं. नाहीतर या माणसांनी बोलायचं तरी कशावर?

तर, हंगामाचा शेवटचा दिवस. व्हरांड्यात तिघेच जण उरले होते. एक चष्मेवाले. दुसरा मेहुणा, हा शाळेत मुलांना कवायत शिकवायचा आणि गळ्यातली शिट्टी सुट्टीच्या दिवशीही काढायचा नाही. तिसरे दातांचे डॉक्टर. डॉक्टरांना खेळ बेताचाच यायचा, पण गोल्फचे नियम तोंडपाठ होते, म्हणून मॅचला पंच तेच.

मैदानवाली बाई सळई पुसत आली.

"बंद," ती म्हणाली.

"बाई, आज शेवटचा दिवस आहे," चष्मेवाले म्हणाले.

"ते त्या वरच्याला सांगा."

"एकच होल खेळू. पहिलं. त्यावरच मॅच ठरवू."

"पहिलं होल कुठे आहे ते तरी दिसतंय का तुम्हाला?"

"मला दिसतं. मी चष्म्याला साबण लावलाय."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग मेहुण्याकडे. मेहुण्याने हळूच मान हलवली. म्हणजे, खेळू द्या हो, या माणसाचं हे वर्ष काही बरं गेलेलं नाही. बाईला ते कळलं असावं. तिने स्वतःचा एक जुना रेनकोट खुंटीवरून काढून चष्मेवाल्यांच्या अंगावर टाकला.

"एकच होल," ती म्हणाली. "आणि हिरवळीवर घसरून पडलात तर पडलेल्याची नाही, हिरवळीची भरपाई घेईन."

त्या रेनकोटाला खिसा एकच होता. दुसरा फाटला होता. चष्मेवाल्यांनी खेळायचा बॉल त्यात टाकला. आणि डोळ्याचा बॉल आपल्या पँटच्या खिशात भिजेल म्हणून तोही त्यातच टाकला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं.

आता साबणाचं सांगायला हवं. चष्म्याला साबण लावून पुसला की वाफ धरत नाही, हे खरंच आहे. पण लावून तो पुसायचा असतो. चष्मेवाल्यांना वाटलं, थोड्याने एवढा फरक पडतो तर भरपूर लावल्याने किती पडेल! त्यांनी दाढीच्या साबणाचा जाड थर दिला आणि तसाच वाळू दिला. व्हरांड्यात तो पारदर्शक होता. पावसात पाऊल टाकलं, पाण्याचे थेंब काचेवर पडले, आणि चष्म्याला फेस यायला लागला.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "तुमच्या डोळ्यांना उकळी आलीय."

"मला सगळं स्वच्छ दिसतंय," चष्मेवाले म्हणाले आणि डॉक्टरांशी हस्तांदोलन केलं. मेहुणा दुसऱ्या बाजूला उभा होता.

पहिला फटका मेहुण्याचा. त्याने मारला तो बॉल चिखलात भाकरी पडावी तसा 'थप्' करून थोडा पुढे जाऊन रुतला. मेहुण्याने ओठ चावला.

मग चष्मेवाल्यांनी खिशात हात घातला. एक बॉल हाताला लागला. तो काढून त्यांनी जमिनीत खोचलेल्या बोटभर लाकडी खुंटीवर ठेवला. खुंटी दोनदा चुकली; तिसऱ्यांदा बसला. समोर त्यांना साबणाच्या बुडबुड्यांतून एक इंद्रधनुष्यासारखं काहीतरी दिसत होतं. त्याच्या मधोमध त्यांनी नेम धरला, श्वास घेतला, आणि मारलं.

मंडळी, त्या फटक्याबद्दल क्लबमध्ये अजून बोलतात. पाहणारे तिघेच होते, पण सांगणारे आता पन्नास झालेत. स्टिक फिरली तेव्हा काही आवाजच झाला नाही. बॉल उठला तो असा उठला, की जणू पाऊसच बाजूला सरून त्याला वाट देतोय. वर गेला, आणखी वर गेला, करड्या ढगांत एक पांढरा ठिपका झाला. तिथे तो थांबला. डॉक्टर शपथेवर सांगतात की थांबला. आणि मग सावकाश, जिना उतरावा तसा, झेंड्याच्या दिशेने खाली यायला लागला. मैदानवाली बाई सळईवर रेलून बघत होती. तिच्या तोंडून नुसतं "आई गं" एवढंच निघालं. मेहुण्याची शिट्टी तोंडातून गळून पडली. आयुष्यात असा फटका माणसाला एकदा मिळतो, तोही मिळाला तर.

चष्मेवाल्यांना अर्थातच तो दिसला नाही.

"कुठे गेला?" त्यांनी सवयीने विचारलं.

सगळे वर बघत होते. चष्मेवाले एक क्षण तसेच थांबले. मग त्यांनी बाहीने काच पुसली, हाताला काहीतरी धरायला हवं म्हणून खिशात हात घातला आणि दुसरा बॉल बाहेर काढला. डोळ्यांजवळ धरला. फिरवून पाहिला. सगळीकडून पांढरा होता.

त्याच वेळी डॉक्टर ओरडले, "ओढ्यात गेला!"

झेंड्याच्या अलीकडे एक ओढा होता. एरवी बेडकालाही कमी पडेल एवढं पाणी. त्या दिवशी तो घोड्यासारखा उधळला होता. बॉल त्यात पडला, बुडाला, आणि पुन्हा वर आला.

"बघा, पाण्याला केवढा जोर आहे," डॉक्टर थक्क होऊन म्हणाले. "बॉल बुडूच देत नाही!"

चष्मेवाले धावत सुटले.

त्यांना धावताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. ढेरी पुढे, रेनकोट मागे, हातात स्टिक, डोळ्यांवर फेस. डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी मेहुण्याचा दंड धरला.

"नियम आहे. पाण्यात वाहणारा बॉल वाहत असतानाच मारायची मुभा आहे. आजवर मी कुणाला मारताना पाहिलेलं नाही. हा माणूस मारणार!"

"भाऊजी?"

"अहो, ते जिद्दीला पेटलेत. चला, पंचाने जवळ असायला हवं."

मेहुण्याला एकदम अभिमान वाटला. आपला हा भाऊजी, वर्षभर कोपऱ्यात बसून चहाच्या कपात बघणारा, आज वाहत्या पाण्यातला बॉल मारायला निघालाय. हरावं लागलं तरी चालेल, त्याने मनात म्हटलं, पण हे बघायचंच. आणि दोघे मागे धावले.

ओढा मैदानाच्या भिंतीखालून, मोरीतून, बाहेरच्या रस्त्यावर पडायचा. बॉल मोरीत शिरला आणि पलीकडे निघाला. चष्मेवाले भिंतीवर चढले. कसे चढले ते त्यांनाही सांगता येणार नाही. रस्ता उताराचा होता आणि कडेने पाणी खळाळत चाललं होतं, त्यात बॉल उड्या मारत पुढे. बेकरीवरून गेला. बंद पडलेल्या मोटारीच्या खालून गेला. बस थांब्यापाशी भोवऱ्यात अडकून गिरकी घेत राहिला. चष्मेवाले वाकले, हात घातला, आणि तो बोटांतून निसटून पुढे गेला.

"सोडू नका त्याला!" डॉक्टर मागून ओरडले.

"पिईईई!" मेहुण्याने शिट्टी फुंकली.

त्याच वेळी एक माणूस डोक्यावर वर्तमानपत्र धरून पावसातून लगबगीने चालला होता. शिट्टी ऐकून त्याने मागे पाहिलं. तीन भिजलेले पुरुष, दोघांच्या हातात लोखंडी काठ्या, एकाच्या डोळ्यांतून फेस येतोय, आणि सगळे त्याच्याच रोखाने येतायत. त्याने वर्तमानपत्र टाकलं आणि तो पळाला.

तो पळतोय हे बघून बस थांब्यावरची माणसं ओरडली, "चोर, चोर!" एका आजीने त्याला छत्री फेकून मारली. तो आणखी जोरात पळाला. बॉल पुढे, त्याच्या मागे तो माणूस, त्याच्या मागे चष्मेवाले, मग डॉक्टर, मग शिट्टी. शेवटी तो माणूस एका दुकानाच्या दारात अडखळला, भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही हात वर केले.

"डॉक्टर, मारू नका," तो म्हणाला. "मी उद्या येणारच होतो. आईशप्पथ."

डॉक्टरांनी निरखून पाहिलं. "अरेच्चा. तुम्ही ते अक्कलदाढवाले ना? अर्धी काढून ठेवली होती, ती बाकीची काढायला आलाच नाहीत."

"ती आता दुखत नाही."

"तोंड उघडा."

"इथे?"

"उघडा म्हणतो ना."

पावसाचं पाणी त्याच्या तोंडात पडत होतं आणि डॉक्टर आत डोकावत होते, तोवर बॉल पाण्याबरोबर त्या दुकानात गेला होता आणि त्याच्या मागोमाग चष्मेवालेही उतरले होते.

दुकान होतं लॉन्ड्रीचं. रस्त्यापेक्षा खाली, चार-पाच पायऱ्या उतरून. आत धुलाईची यंत्रं, कपड्यांनी भरलेल्या फळ्या, आणि घोट्याच्या वर पाणी. लॉन्ड्रीवाली बाई साडी खोचून स्टुलावर उभी होती आणि इस्त्रीच्या चादरींचे गठ्ठे वरच्या फळीवर फेकत होती. वरच्या फळीत जागा संपत आली होती.

"मघापर्यंत सगळं पाणी जाळीतून जात होतं," ती कुणाला तरी सांगितल्यासारखी म्हणाली. "जाळी मी काढून ठेवली, लवकर जावं म्हणून. आणि आत्ता एकदम तुंबलं. काहीतरी येऊन बसलंय भोकात. गावातल्या दवाखान्याच्या चादरी आहेत या. खालच्या फळीपर्यंत पाणी आलं की मी मेले."

चष्मेवाल्यांनी गुडघे टेकले. पाण्यात हात घातला. चाचपत चाचपत दुकानाच्या कोपऱ्यात, फरशीतल्या मोरीच्या भोकापाशी हात गेला. भोकात गुळगुळीत, गोल काहीतरी घट्ट बसलं होतं. बोटं त्याच्यावरून घसरत होती.

तेवढ्यात बाकीचे आत आले. मेहुण्याने एका नजरेत सगळं ओळखलं. कवायत शिकवणारा माणूस. हुकूम लगेच निघाला.

"सरका भाऊजी. दांड्याने ढकलून देतो आत. पाणी एका मिनिटात जाईल."

"नको," चष्मेवाले म्हणाले.

"अहो, बाईंचं दुकान बुडतंय. मॅच गेली खड्ड्यात."

"खड्ड्यातच गेलीय," डॉक्टर खाली बघत आदराने म्हणाले.

"सरका म्हणतो ना!"

"नको म्हटलं ना मी!" चष्मेवाले दोन्ही हात पाण्यात घालून त्या भोकावर ओणवे झाले. एवढ्या मोठ्याने ते कधी बोलले नव्हते. मेहुणा दांडा उगारलेला तसाच थांबला. लॉन्ड्रीवाली स्टुलावर थांबली. अक्कलदाढवाला दारात तोंड उघडं ठेवूनच थांबला होता, कारण त्याला मिटायला कुणी सांगितलं नव्हतं.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "एका बॉलसाठी?"

चष्मेवाल्यांनी खाकरलं. बाहेर पाऊस धो धो पडत होता. त्यांनी पायऱ्यांकडे, वर दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्याकडे पाहिलं, आणि ते हवेबद्दल काहीतरी बोलणार हे मेहुण्याला कळलं. पण त्यांच्या तोंडून दुसरंच आलं.

"तिचा आहे तो," ते म्हणाले. "डोळ्याचा. शेवटचा. चष्म्याला फेस होता. मला दिसलं नाही. मी तिचाच मारला."

पाणी तेवढं बोलत होतं.

मग मेहुण्याने दांडा खाली ठेवला आणि तोही पाण्यात गुडघ्यावर बसला. त्याने भोकापाशी हात घातला, चष्मेवाल्यांच्या हाताशेजारी.

"ताईचा?" तो म्हणाला. "मला वाटलं संपले सगळे."

"एक होता."

"सांगितलं का नाही मला?"

"पाऊस होता," चष्मेवाले म्हणाले.

लॉन्ड्रीवाल्या बाईने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा खालच्या फळीकडे पाहिलं. पाणी फळीला टेकायला बोटभर अंतर होतं.

"हे बघा," ती म्हणाली, "माझाही नवरा गेलाय, त्यामुळे मी समजू शकते. पण चादरी दवाखान्याच्या आहेत. ही बोटभर जागा भरेपर्यंत तुमची. मग मी स्वतः उडी मारून तो आत ढकलेन."

"डॉक्टर!" मेहुणा ओरडला. "उपटा!"

डॉक्टरांनी बाह्या सारल्या. हा क्षण त्यांच्या सबंध व्यवसायाचा होता. त्यांनी गरम कपडे उचलायचा लांब चिमटा मागून घेतला, पाण्यात कोपरापर्यंत हात घातले आणि डोळे मिटले.

"घट्ट बसलीय," ते पुटपुटले. "मुळं तिरकी आहेत."

"बॉल आहे तो, डॉक्टर."

"बोलू नका. उजेड धरा कुणीतरी."

अक्कलदाढवाल्याने लगबगीने मोबाइलचा उजेड धरला. आपल्याऐवजी दुसऱ्या कुणाचं तरी काढतायत, याचा त्याला एवढा आनंद झाला होता की त्याचा हात अजिबात हलला नाही.

"सरळ ओढायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी हलवायची. डावीकडे. उजवीकडे. ती कंटाळली पाहिजे. आता थोडं दुखेल."

कुणाला दुखेल ते त्यांनी सांगितलं नाही, पण चष्मेवाल्यांनी मेहुण्याचा हात धरला. पाणी फळीला टेकलं. बाईने स्टुलावर पदर खोचला. डॉक्टरांच्या मानेची शीर फुगली, चिमटा वाकला, आणि मग खालून एक आवाज आला. बाटलीचं बूच निघावं तसा, पण हत्तीच्या बाटलीचं.

डॉक्टर पाठीवर पाण्यात पडले. त्यांच्या वर धरलेल्या हातात, चिमट्यात, बॉल होता.

त्यानंतर जे झालं ते सगळे नुसते बघत राहिले. दुकानातलं पाणी फिरायला लागलं. आधी हळू, मग भराभर. मोजे, रुमाल, एक तरंगणारी चप्पल, सगळं त्या कोपऱ्याभोवती फेर धरून फिरत होतं. मग त्या भोकाने एवढा मोठा घोट घेतला की फळ्या थरथरल्या. आणि फरशी दिसायला लागली. चार भिजलेली माणसं आणि एक बाई, त्या ओल्या फरशीकडे पहिल्यांदाच जमीन पाहावी तशी बघत उभी होती.

चष्मेवाल्यांनी बॉल हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. फिरवला. पुन्हा फिरवला. त्यांचा चेहरा पडला.

"गेला," ते म्हणाले. "डोळा पुसला गेला. नुसता पांढरा आहे."

मेहुणा बघायला पुढे सरकला, पण त्याच्या आधी लॉन्ड्रीवाली बाई स्टुलावरून उतरली. तिने एक कोरडी चादर ओढली, तिचं टोक चष्मेवाल्यांच्या हातात दिलं आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, "चष्मा पुसा."

चष्मेवाले जागच्या जागी थिजले. मेहुणाही. बाईला काही कळलं नाही. तिने गठ्ठे खाली घ्यायला सुरुवात केली होती.

त्यांनी चष्मा काढला. दोन्ही काचा सावकाश, नीट, दुकानात गिऱ्हाइकाच्या पुसतात तशा पुसल्या. पुन्हा लावला. आणि बॉलकडे पाहिलं.

डोळा जिथल्या तिथे होता. पापण्यांसकट. इतका वेळ गटारातून, मोरीतून, भोवऱ्यातून फिरून आलेला, आणि जराही न मिटलेला. तो त्यांच्याकडेच बघत होता.

बराच वेळ दोघे मेहुणे-भाऊजी तो बॉल मधे धरून उभे होते. मग ते बोलायला लागले. म्हणजे मेहुणा म्हणाला, ताईने डोळा मुद्दाम रागीट काढलाय. भाऊजी म्हणाले, नाही, तो तसाच होता तिचा, मी उशिरा घरी आलो की. मग मेहुणा हसला, मग दोघे रडले, आणि लॉन्ड्रीवाल्या बाईने त्यांना दवाखान्याची एकेक चादर पांघरायला दिली. त्या परत धुवाव्या लागणारच होत्या.

डॉक्टर तेवढे अस्वस्थ होते. चादर गुंडाळून, हनुवटीला हात लावून, ते काहीतरी आठवत होते.

"एक सांगायचं राहिलं," ते शेवटी म्हणाले. "बॉल मैदानाच्या भिंतीबाहेर गेला, तेव्हाच तो बाद झाला होता."

"म्हणजे?" मेहुण्याने विचारलं.

"म्हणजे वाहत्या पाण्याचा नियम त्याला लागू नव्हता."

"मग आपण इतके धावलो कशाला?"

"मघापासून मीही तोच विचार करतोय," डॉक्टर म्हणाले. "शिवाय चष्मेवाल्यांनी बॉल हातात उचललाय. मॅच तुमची."

"ऐकलंत ना भाऊजी?" मेहुणा नाक पुसत म्हणाला. "माझी पिशवी जड आहे. आत्ताच सांगून ठेवतो."

दारात एक माणूस अजून तोंड उघडून उभा होता. डॉक्टरांनी त्याला उद्याची वेळ दिली, तेव्हा कुठे त्याने ते मिटलं.

पुढच्या हंगामात एका सकाळी चक्क ऊन पडलं. मैदानवाल्या बाईने सळई खुपसली, काढली, टोकाकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि पाटी उचलून आत नेली. व्हरांड्यातल्या माणसांना पुढे काय करायचं तेच सुचेना.

तिघे पहिल्या होलपाशी गेले. दोन पिशव्या चष्मेवाल्यांच्या खांद्यांवर होत्या. त्या त्यांनी खाली ठेवल्या आणि खिशातून डोळ्याचा बॉल काढला. तो त्यांनी खुंटीवर ठेवला नाही. शेजारी गवतात ठेवला, डोळा झेंड्याकडे करून. मग दुसरा, साधा बॉल खुंटीवर ठेवला, चष्मा पुसला आणि फटका मारला.

चांगला जोरात बसला. तिघांनी वर पाहिलं. उन्हात तिघांचेही डोळे दिपले.

"कुठे गेला?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"मला नाही दिसला," डॉक्टर म्हणाले.

"ताईला विचारा ना," मेहुणा म्हणाला.

चष्मेवाले गंभीरपणे खाली वाकले, गवतातल्या त्या बॉलपाशी कान नेला, आणि थोडा वेळ तसेच थांबले.

"काय म्हणतेय?"

"विचारतेय," चष्मेवाले सरळ होत म्हणाले, "छत्री आणलीय का."

तिघांपैकी एकानेही आणली नव्हती. पहिला थेंब मेहुण्याच्या नाकावर पडला.